तीन एकरांचा ट्रॅक्टर

आमचं रान तीन एकर. त्यातही एका कोपऱ्यात खडक वर आलाय, तिथं दोन बोरींशिवाय काही येत नाही. म्हणजे खरं बोलायचं तर पावणेतीन. या वेळी खरंच बोलायचं असं ठरवून बसलोय, म्हणून सुरुवात पाव एकरापासून केली. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही, माझंही नाही. नाव घालण्याची हिंमत माझ्यात असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी प्राथमिक शाळेतला शिक्षक. गावात अजून म्हातारी माणसं मला गुरुजी म्हणतात, पोरं सर म्हणतात, आणि बायको काहीच म्हणत नाही, नुसती 'अहो' म्हणून हाक मारते. शाळा सांभाळून शेती करणाऱ्याची शेती रविवारची असते. नांगरट, रोटा, पेरणी सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. आता पाऊस काही रविवार बघून पडत नाही. पाऊस होऊन गेला की दोन-तीन दिवसांनी जमीन धड ओली नाही, धड कोरडी नाही अशी होते, त्याला आम्ही वापसा म्हणतो. तेवढ्यात पेरलं तर पेरलं. आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर पाहिजे असतो. ट्रॅक्टरवाला आधी दहा एकरवाल्यांचं उरकायचा, मग पाच एकरवाल्यांचं, आणि मी फोन केला की म्हणायचा, "गुरुजी, तुमचं काय, तुमचा पगार चालू हाय." सलग दोन वर्षं माझी बाजरी वापसा निघून गेल्यावर पेरली गेली. तिसऱ्या वर्षी मी घरात जाहीर केलं की आपण जुना का होईना, स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचा.

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "घ्या की. पण तीन एकरात तो वळवायचा कुठं? वळवायला शेजाऱ्याचं रान मागावं लागंल."

मला ते फार लागलं. आज वाटतं, तिथंच हसून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हणजे सोबत मिस्त्री पाहिजे. तिसगावच्या बाजारपेठेत एका मिस्त्रीचं गॅरेज होतं, माणूस हुशार, इंजिनचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगायचा. त्यानंच ठिकाण शोधलं. डोंगराच्या पायथ्याला एका वस्तीवर म्हातारे बाबा ट्रॅक्टर विकतायत, मुलगा सुप्याला कंपनीत आहे, ट्रॅक्टर एकहाती वापरलेला आहे. जाताना पहाटेच्या दुधाच्या टेम्पोत मागं माझ्या शेजारी बसून तो म्हणाला, "गुरुजी, माल चांगला हाय, म्हणून भाव उतरनार न्हाई. मी बघतो काय करायचं ते. तुमी फक्त म्हाताऱ्याला बोलन्यात ठेवा."

मी 'बरं' म्हणालो. तो काय बघणार आहे, हे मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे कळलं नव्हतं असं नाही.

जुना ट्रॅक्टर बघायला दिवस उगवायच्या आत जायचं असतं, तेही न कळवता. कळवलं की विकणारा इंजिन आधीच तापवून ठेवतो, आणि तापलेलं इंजिन सगळे दोष झाकतं. म्हणून पोचल्या पोचल्या इंजिनवर तळहात ठेवायचा, गार आहे ना ते बघायचं. आम्ही पोचलो तेव्हा बाबा गोठ्यातलं शेणकूर उरकून हात धूत होते. मी इंजिनवर हात ठेवला तर हसले. "ठेवा, ठेवा. कालपासून किल्ली लावली न्हाई. तुमी गुरुजी दिसता. चप्पल काढून आत आलात, म्हनून वळखलं."

ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये होता. वीस वर्षांचा असेल, पण धूळ नाही. सीटवर पोतं शिवून घातलेलं. बाबांनी हाक मारली आणि घरातून त्यांची सून आली, पदराला हात पुसत. मला वाटलं, चहाचं विचारायला आली. तर ती सरळ चढून सीटवर बसली. किल्ली फिरवली आणि एका सेल्फला इंजिन चालू झालं. ना काळा धूर, ना खडखड. मिस्त्रीनं माझ्याकडं बघून भुवया वर केल्या.

"हीच चालवती," बाबा म्हणाले. "पोरगा महिन्यातनं दोनदा येतो, माझे गुडघे क्लच दाबू देत न्हाईत. लोक हसायचे. म्हनलं, हसू द्या." आणि मग त्यांनी ट्रॅक्टर विकण्याचं कारण सांगितलं. पुढं दोन एकर डाळिंब लावलंय, त्या ओळींतून हा मोठा ट्रॅक्टर जात नाही. हा विकून तिला छोटा ट्रॅक्टर घेऊन द्यायचा होता. नगरला जाऊन बघूनही आले होते. ती सीटवरून उतरताना म्हणाली, "लाल हाय. एवढासा हाय, पन वळतो लई चांगला." तिचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या वर्गात नवीन पाटी मिळालेल्या मुलीचा असतो तसा होता.

मग बाबा आरसी बुक आणायला आत गेले. ती चहा ठेवायला गेली. शेडमध्ये मी आणि मिस्त्री. त्यानं खिशातून पाना काढला, टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या नळीचं नट अर्धा आटा सैल केलं आणि पाना परत खिशात घातला. एवढंच. चिमूटभर वेळ लागला. मी तोपर्यंत गोठ्यातल्या शेळ्या मोजत होतो. पाच होत्या.

बाबा आले. मी ठरल्याप्रमाणे त्यांना बोलण्यात ठेवलं. नातवंडं कुठं शिकतात, धाकटीला पाढे येतात का, असलं. मिस्त्री म्हणाला, "परत एकदा लावू, बाबा. गुरुजींना लोडवर ऐकवू." या वेळी इंजिन चालू झालं, दोनचार आचके दिले आणि बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. बाबांचा चेहरा पडला. मिस्त्री कपाळावर आठ्या घालून वाकला, इकडंतिकडं हात लावला आणि म्हणाला, "पंप गेलाय. डिझेल पंप. नगरला नेऊन खोलावा लागंल. मोठं काम हाय."

"आत्ता तर नीट..." बाबा म्हणाले.

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं आवाज ऐकला होता. "पंप न्हाई गेला," ती म्हणाली. "नळीत हवा शिरल्यावर असाच करतो. नट बघा की आधी. थांबा, मीच बघते." तिनं ट्रे खाली ठेवला आणि पुढं आली.

तिला नट हाताला लागलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. मिस्त्री आडवा झाला, पण तोही गडबडला होता. आणि मग मी बोललो. मिस्त्री नाही, मी. शाळेत पालकांशी बोलतो त्या समजावणीच्या सुरात म्हणालो, "ताई, राहू द्या. मिस्त्रींची उभी हयात यात गेलीय. मशीनला बायकांचा हात जरा जड पडतो. त्यात तुमची काही चूक नाही."

हे वाक्य मी कुठूनही शिकून आलो नव्हतो. माझ्याच तोंडून निघालं. मी तोच माणूस, जो दरवर्षी शाळेच्या अंगणात मुलींनी पुढं यावं म्हणून भाषण करतो आणि पालकांच्या टाळ्या घेतो.

ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडं बघितलं नाही, बाबांकडं बघितलं. बाबा ट्रॅक्टरकडं बघत होते. मिस्त्री एकटा म्हणाला असता तर त्यांनी ऐकलं नसतं, ते मला खात्रीनं माहीत आहे. मिस्त्रीचा पोटाचा धंदा, तो काहीही सांगेल. पण गुरुजी म्हणाले. ते म्हणाले, "लोक सांगत हुते मला. मी ऐकलं न्हाई."

"मामा, मी रोज..." ती म्हणाली.

"असू दे आता," बाबा म्हणाले. "पुरं झालं."

भाव उतरला. किती, ते लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा मनात हिशेब करेल की एवढ्यासाठी का, आणि तो बरोबरच असेल. मिस्त्रीनं मग 'तात्पुरतं चालंल असं करतो' म्हणत नळीचं नट आवळलं, हवा काढली आणि ट्रॅक्टर चालू करून दाखवला, तर बाबांनी त्याच्या हाताची वाहवा केली. "काय करायचं आता छोट्याचं?" त्यांनी स्वतःशीच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "न्हाई घ्यायचा. असल्या ट्रॅक्टरची ही गत केली, तर नव्याची काय. डाळिंबाला भाड्यानं सांगू कुनाला तरी." ती चहाचे कप गोळा करत होती. एक कप तिच्या हातून निसटला, पण फुटला नाही.

आमच्याकडं गाडी असो की बैल, घरातून जाताना घरच्या बाईनं ओवाळायचं असतं. ती ताट घेऊन आली. बॉनेटवर हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, ओवाळलं. मी सीटवर बसलेलो. मग ती माझ्याजवळ आली आणि मला वाटलं, आता बोलेल काहीतरी. ती बोललीही. "गुरुजी, दुसरा गिअर टाकताना जरा थांबायचं, घाईत टाकला की हिसका देतो. आनि क्लचवर पाय ठेवून चालवू नका. बाकी काय खोड न्हाई त्याला." मी मान हलवली. मला वाटतं, मी 'धन्यवाद' असंही म्हणालो असेन. तसल्या वेळी माझ्यासारख्या माणसाच्या तोंडून सभ्य शब्द पटापट निघतात.

रस्त्याला लागल्यावर मागच्या मडगार्डवर बसलेला मिस्त्री मोठ्यानं हसला आणि माझी पाठ थोपटली. मीही हसलो. तेही लिहून ठेवतो.

घरी आल्यावर सगळी गल्ली बघायला जमली. बायकोनं भाव ऐकला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. "एवढ्यात दिला? बिचाऱ्यांची नड असंल," म्हणाली. मी म्हणालो, "जरा काम निघालं होतं." तिला अजून माहीत नाही. हे छापून आलं तर कळेल.

ट्रॅक्टर असा चालला की काय सांगू. त्या पावसाळ्यात मी गावात सगळ्यांच्या आधी पेरलं. आणि दर वेळी त्याच्यावर बसलो की लाज वाटायची. काही बिघडलं असतं तर बरं झालं असतं. 'बघा, फसवायला गेलो आणि स्वतःच फसलो' असं म्हणून मोकळा झालो असतो. पण काही बिघडतच नव्हतं. जिथं जिथं ग्रीस लागतं तिथं ग्रीस होतं. एअर फिल्टर खोलून बघितला, आतलं तेल स्वच्छ. टूलबॉक्सचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं, बारीक ब्रशनं, किती तासांना कधी ऑइल बदललं ते ओळीनं लिहिलेलं. अक्षर गोल, वेलांट्या जागच्या जागी. पंचवीस वर्षं वह्या तपासल्यात मी, अक्षरावरून माणूस कळतो. पुढच्या बदलाचाही आकडा तिनं लिहून ठेवला होता. म्हणजे विकताना, घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून. मी ते झाकण लावलं आणि सबंध आठवडा उघडलं नाही. पाना लागला तेव्हा शेजाऱ्याचा मागितला.

एकदा बाजारात कुणीतरी सहज बोललं की त्या वस्तीवरची बाई आता ट्रॅक्टर चालवत नाही, बाबा भाड्यानं करून घेतात, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरनं डाळिंबाची पहिली ओळ मोडली. बोलणारा हसत होता. बाईच्या हातात दिलं की असं होतं, असंही म्हणाला. मोडली भाड्याच्या ड्रायव्हरनं आणि दोष हिला. मला त्या माणसाची मान धरावीशी वाटली. पण ते वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. आता ते बाजारापर्यंत आलं होतं.

पुढच्या रविवारी मी ट्रॅक्टर काढला आणि त्या वस्तीकडं निघालो. मनाशी सगळं ठरवलं होतं. आधी बाबांच्या पाया पडायचं, मग सरळ सांगायचं की नट आम्ही सैल केलं होतं, पंपाला काही झालं नव्हतं, तुमच्या सुनेनं बरोबर ओळखलं होतं. उतरलेला भाव परत द्यायचा. तेवढे पैसे खिशात घेतले होते. चार-पाच मैल मी ती वाक्यं घोकत गेलो. आमच्या शाळेतली पोरं कविता पाठ करताना पुटपुटतात तसा.

बाबा ओट्यावर बसले होते. ट्रॅक्टर बघून उठले, गुडघे धरून खाली उतरले आणि बॉनेटवर हात फिरवला. त्यांना इतका आनंद झाला की मला बोलायला जागाच मिळेना. "या, या गुरुजी. आठवन ठेवलीत. विकल्यावर कोन परत येतं व्हय? पोरी, चा ठेव. गुरुजी आलेत." मग ट्रॅक्टरचा आवाज आठवून म्हणाले, "लई गुळगुळीत वाजतोय की. पंप केला का?"

आता सांगायचं होतं. हीच जागा होती. त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "केला."

"कुठं?"

"नगरला. भिंगारच्या बाजूला एक जण आहे."

का, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांचा आनंद मोडवेना, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. मला त्यांच्या डोळ्यांतला गुरुजी मोडवेना, हे खरं आहे.

ती चहा घेऊन आली. तिनं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देऊन ती अंगणात ट्रॅक्टरपाशी गेली, वाकली आणि पंपाकडं बघत राहिली. मग परत आली आणि शांतपणे म्हणाली, "मामा, पंप खोललेला न्हाई. त्याच्या नटावर पान्याची खून न्हाई, जुना मळ तसाच हाय. पंपाला काय झालंच नव्हतं."

बाबा चिडले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "आगं, गुरुजी खोटं बोलतील व्हय?"

ती माझ्याकडं वळली. या वेळी तिनं सरळ माझ्याकडं बघितलं आणि थांबली. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे मला माहीत असतं, तेव्हा मी असाच थांबतो. घाई करत नाही. तिनंही केली नाही. तिनं मला भरपूर वेळ दिला.

मी कपात बघून म्हणालो, "चहा छान झालाय."

ती मान हलवून आत गेली. बाबा डाळिंबाच्या बहराचं सांगत बसले. निघताना त्यांनी पिशवीभर डाळिंबं द्यायला लावली, पोरांना न्या म्हणाले. मी नको म्हणालो, ते ऐकेनात. ती पिशवी घेऊन ट्रॅक्टरपर्यंत आली, सीटमागं नीट ठेवली, पडू नये म्हणून दोरीनं अडकवली. खिशातल्या पैशांवर माझा हात होता. तो हात मी बाहेर काढला नाही. तिला पैसे देऊन काय झालं असतं, तिनं मागितले नव्हते. तिला एक वाक्य हवं होतं, आणि तेही तिला एकटीला नाही, म्हाताऱ्यासमोर हवं होतं.

"गुरुजी," ती हळू म्हणाली, "आता इकडं येताना टॅक्टर नका आनू. त्याचा आवाज वळखू येतो मला. लांबनं आला की हातातलं काम सोडून उभी ऱ्हाते मी."

मी 'बरं' म्हणालो. तेवढा एक शब्द मात्र मी पाळला आहे.